समुद्र नंतर बघू

आमच्या घराची वास्तुशांत घर घेतल्यावर कितीतरी वर्षं झालेली नव्हती, आणि ती का झाली नाही हे मला ज्याला त्याला समजावून सांगावं लागायचं. नवं घर घेतलं की माणसं महिन्याभरात होमहवन करतात, पाहुण्यांना जेवायला बोलावतात आणि भेट आलेली भिंतीवरची घड्याळं कुठं लावायची याची काळजी करत बसतात. आम्ही विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, शेगडीवर दूध उतू घातलं, देव मांडले आणि राहायला लागलो. वास्तुशांत कर्ज फिटल्यावर, असं नवऱ्यानं पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. घराचे कागद बँकेत पडलेत म्हणजे घर बँकेचं. बँकेच्या घराची शांत आपण कशाला करायची?

मी साताऱ्याची. कर्ज काढून बांधलेल्या घरांच्या दणक्यात केलेल्या वास्तुशांती मी माहेरी जेवून आलेली आहे, आणि त्या घरांत कुणाचं वाकडं झालेलं नाही. पण नवऱ्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय त्याच्या हट्टाला एक कारण होतं, आणि ते मीही त्याच्याबरोबर भोगलेलं होतं.

फ्लॅट घेण्याआधी आम्ही सांगलीत नदीकडच्या भागात तळमजल्यावर भाड्यानं राहायचो. कृष्णेला मोठा पूर आला तेव्हा पाणी आधी गल्लीच्या तोंडाशी आलं, मग पायरीवर, मग उंबऱ्याच्या आत. दर पावसाळ्यात येतं आणि जातं, तसं जाईल म्हणत आम्ही सामान पलंगावर चढवत राहिलो. शेवटी बोटीतून बाहेर पडलो. पाणी उतरल्यावर परत गेलो तर घरभर घोट्याएवढा चिखल. नवरा आणि मी तो फावड्यानं ओढून बाहेर काढला, भिंती धुतल्या, फुगलेलं कपाट मोडून रस्त्यावर टाकलं. सगळं आवरत आलं तेव्हा घरमालक आला. उंबऱ्यात उभं राहून पुष्कळ हळहळला आणि जाता जाता त्या महिन्याचं भाडं मागून गेला. नवऱ्यानं ते मुकाट्यानं दिलं. त्यानंतर बरीच वर्षं जेवताना, टीव्ही बघताना, कशाचा काही संबंध नसताना तो मध्येच म्हणायचा की दुसऱ्याच्या घरातला चिखल मी काढला आणि त्याचं भाडंही मीच भरलं. मी त्याच्या ताटात भाकरी वाढायची.

त्या पुरात आमचा मुक्काम एका शाळेत होता, सातवीच्या वर्गात. मुलगी लहान होती, आणि सासूबाईही बरोबर होत्या. मी त्यांना आत्ती म्हणते, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. आत्तींचा जन्म नदीकाठच्या गावात, लग्न नदीकाठच्या गावात, आणि म्हातारपणी लेकाकडे शहरात आल्या तर तिथंही तीच नदी. देवधर्मासाठी नरसोबाची वाडी आणि जोतिबा, एवढाच त्यांचा प्रवास. वर्गाच्या भिंतीवर भूगोलाचे तक्ते होते. त्यातल्या एकावर भरती-ओहोटीचं चित्र होतं, निळं पाणी आणि वर चंद्र. हे काय म्हणून आत्तींनी विचारलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच, म्हणून मी सावकाश समजावून सांगितलं. त्यांनी दोन-दोनदा खात्री करून घेतली.

“म्हंजे रोज येतंय आन रोज आपलं आपण माघारी जातंय? चिखल न्हाई, काय न्हाई?”

नाही म्हटलं. वाळू असते, स्वच्छ.

आत्ती खिडकीतून बाहेरच्या गढूळ पाण्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “असलं पाणी एकदा बघाय पायजे गं.”

मी म्हटलं, दाखवते. त्यात अवघड काय होतं? सांगलीहून कोल्हापूर, पुढं आंबा घाट, घाट उतरलं की रत्नागिरीची वाट. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला समुद्र. आत्तींनी आयुष्यात दुसरं काहीच मागितलेलं मला आठवत नाही. साडी घेतली तरी ‘कशाला आणलीस’ म्हणून आठवडाभर बोलणारी बाई ती.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावरचा आणि विश्रामबागेतला घेतला तो या पुरामुळं. तिथं पाणी पोचत नाही. आमच्या ऐपतीपेक्षा तो जरा महागच होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण अंथरूणच वाहून गेल्यावर माणूस काय पाहणार? नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. मी विश्रामबागेतच एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. माझ्या पगारात घर आणि मुलीचं शिक्षण चालायचं. त्याच्या पगारातून हप्ता जायचा आणि उरलेलंही बँकेतच जायचं. दिवाळीचा बोनस, ओव्हरटाइम, न घेतलेल्या रजांचे पैसे, सगळं मुद्दलात.

पहिल्यांदा मुद्दलात भरणा करायला गेला तेव्हा मला बरोबर घेऊन गेला होता. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, हप्ता कमी करायचा की मुदत? नवऱ्यानं छाती काढून सांगितलं, मुदत. ती मुलगी मान खाली घालून टाइप करायला लागली, पण यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू कुस्ती मारून आलाय. येताना त्यानं भडंगाचा पुडा घेतला. पुढं ती पद्धतच पडली. मुद्दलात भरणा केला की भडंग. कांदा, लिंबू, वर शेंगदाणे, आणि आम्ही चौघं सोफ्यावर. तेवढीच आमची सहल म्हणायची.

त्याचं गणित चूक नव्हतं, हीच माझी अडचण होती. हिशेब मलाही येतो. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा घास व्याजच खातं, तेव्हा जितकं लवकर भराल तितकं सुटाल, हे कुणीही शहाणा माणूस सांगेल. ऑफिसातल्या बायका सुट्टीत मनालीला, केरळला, एकजण तर दुबईला जाऊन आली. आल्यावर फोटो दाखवायच्या, मी बघायची, आणि घरी येऊन नवऱ्याला सांगायची. तो म्हणायचा, त्यांचं कर्ज किती वर्षांचं आहे विचारलंस का? मी विचारलेलं नसायचं. पण तेही कर्जातच होते आणि हसत होते, एवढं मला फोटोत दिसायचं.

राहायला आल्यावर वर्षभरात पाहुण्यांची बोलावणी सुरू झाली. नवऱ्याच्या मित्रांचा कोकणचा बेत, माझ्या बहिणीचा महाबळेश्वरचा. दर वेळी नवरा खाली बघून काहीतरी पुटपुटायचा, आणि एकदा त्याचा चुलतभाऊ सगळ्यांसमोर हसत म्हणाला, “पैसं संगट न्यायचं हायती काय रं?” नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा आत्ती स्वयंपाकघरातून पुढं आल्या आणि त्यांनी निकाल दिल्यासारखं सांगितलं की वास्तुशांत झालेली नसली की घराला कुलूप लावून रातचं बाहेर राहायचं नसतं. दिवेलागणीला घरातल्या थोरल्या बाईनं दिवा लावायलाच पाहिजे. थोरल्या बाईनं सांगितलेल्या नियमापुढं आमच्याकडे कुणी बोलत नाही.

त्या दिवसापासून आम्हाला एक कारण मिळालं, आणि काय सोयीचं कारण होतं ते. कुणी काही म्हटलं की आम्ही सांगायचो, आमची वास्तुशांत झालेली नाही, घर बंद ठेवता येत नाही. लोक माना डोलवायचे. नवऱ्याला कुणी परत टोमणा मारला नाही. आत्ती रोज संध्याकाळी तुळशीपाशी आणि देवापुढं दिवा लावायच्या, आणि माझा समुद्र त्या दिव्याच्या पलीकडं राहिला.

साताऱ्याला एका लग्नाला आम्ही दोघंच गेलो होतो. आत्ती दिव्यासाठी घरी, मुलगी पुण्याला शिकायला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बहिणीनं आम्हाला जवळजवळ उचलून गाडीत घातलं आणि पाचगणीला नेलं. टेबललँडवर वारा सुटला होता. नवरा कठड्यापाशी उभा राहून खालची दरी बघत होता आणि खरं सांगते, मला तो लग्नातल्या फोटोतल्यासारखा दिसला. मग आम्ही स्ट्रॉबेरी क्रीम खायला बसलो. त्यानं समोरचा दराचा फलक वाचला आणि पोट जड झाल्याचं सांगितलं. मी एकटीनं मागवलं. त्यानं माझ्यातला एक चमचा खाल्ला, छान आहे म्हणाला, दुसरा खाल्ला, आणि मग म्हणाला की आई घरी एकटी आहे, दिवस असेपर्यंत एसटी धरू या. मला तेव्हा हसू आलं होतं. बहिणीला आलं नाही.

आत्ती दाराच्या चौकटीला खांदा घासायला लागल्या तेव्हा मी आधी दुर्लक्ष केलं. मग त्या चहा कपाच्या बाजूला ओतायला लागल्या. मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काचबिंदू निघाला. मोतीबिंदूसारखा काढून टाकता येत नाही, कडेकडेनं नजर खात आत येतो, असं डॉक्टरांनी समजावलं. गेलेलं परत येत नाही, थेंब नेमानं घालून आहे ते टिकवायचं. बाहेर आल्यावर आत्तींनी मला विचारलं की ते काय म्हणाले. मी थेंबांचं तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, सगळं ऐकू आलंय मला, कान धड हायती.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं की आता आत्तींना समुद्र दाखवून आणू. फार लांब नाही, फार खर्च नाही. दिवा शेजारची लावेल, मी तिच्याशी बोलते. तो म्हणाला, “आता थोडंच राहिलंय गं. एकदा मोकळा होऊ दे, मग कुठं म्हणशील तिथं नेतो तिला. समुद्र कुठं पळून चाललाय का?”

मी म्हटलं, समुद्र नाही पळत. त्याला कळलं मी काय म्हणतेय ते. तो उठून गॅलरीत गेला. औषधात त्यानं कधी हात आखडता घेतला नाही, हेही सांगायला हवं. थेंबांची बाटली संपायच्या आत दुसरी हजर असायची, आणि ती महागातली. पण घाटापलीकडं जाणं म्हणजे चैन, आणि चैन कर्ज फिटल्यावर, हे त्याच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की त्याचं त्यालाही ते काढता येत नव्हतं. इकडे मुद्दल कमी होत होतं, तिकडे नजर. पहिल्याचा हिशेब नवरा ठेवायचा. दुसऱ्याचा कुणीच ठेवत नव्हतं.

मग एके वर्षी आमच्या कॉलेजच्या ऑफिसची सहल कोकणात निघाली. मिनी बस, एक रात्र मुक्काम, घरच्या एका माणसाला नेता येणार. मी कुणाला न विचारता आत्तींचं नाव घातलं आणि पैसे भरून मोकळी झाले. घरी सांगितलं तर नवरा काही बोलला नाही. दोन दिवस बोलला नाही. आत्तींना मी नवी चप्पल आणली, त्यांची पिशवी भरली. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या दिवा लावून माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या की त्यांना येता येणार नाही. दिवा कोण लावणार? मी म्हटलं, तुमचा लेक लावेल. तर म्हणाल्या, गड्यानं लावून चालत नसतं, थोरल्या बाईनंच लावावा लागतो. मी म्हटलं, आत्ती, मी तुमच्या पाया पडते. त्या म्हणाल्या, “पुढच्या खेपंला जाऊ की. मी काय आजच चाललीया व्हय?”

मी चिडले, भरलेल्या पिशवीतल्या त्यांच्या साड्या काढून पलंगावर टाकल्या आणि एकटी गेले. समुद्र पाहिला. मैत्रिणी पाण्यात खेळत होत्या, मला ओढत होत्या. मी वाळूत बसून राहिले. पाणी येत होतं आणि जात होतं, तक्त्यावर होतं तसंच, आणि ज्या बाईला ते बघायचं होतं ती सांगलीत कापसाची वात वळत बसली होती. परत आल्यावर चपलांतून, पिशवीतून घरभर वाळू सांडली. सकाळी केर काढताना आत्तींनी ती सुपलीत न भरता तळहातावर घेतली, बोटांनी चोळून बघितली आणि एवढी बारीक असती व्हय, असं विचारलं. मी हो म्हटलं आणि डबा भरायला आत गेले.

कर्ज मुदतीच्या पुष्कळ आधी फिटलं. त्या दिवशी नवरा अर्धी रजा टाकून बँकेत गेला आणि मूळ खरेदीखत, बेबाकीचा दाखला, सगळे कागद कापडी पिशवीत घालून छातीशी धरून घरी आला. दुचाकीवर पिशवी हँडलला अडकवली नाही, शर्टाच्या आत धरली होती. कागद देवापुढं ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिलं. आत्तींच्या पाया पडला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले. खोटं कशाला बोलू, मलाही इतका आनंद झाला की दोन दिवस मी भिंतींना हात लावून बघत होते. भडंग आलंच.

मग वास्तुशांत ठरली. आता त्याचा हात सैल सुटला होता. मांडव गच्चीवर, जेवण आचाऱ्याचं, माझ्या माहेरच्यांना गाडी करून आणलं, पुण्याला नोकरी करणारी मुलगी रजा काढून आली. ज्या चुलतभावानं टोमणा मारला होता त्याला यानं स्वतःच्या हातानं जिलबी वाढली. संध्याकाळ होत आली तेव्हा गुरुजी दक्षिणा घेऊन निघाले. नवरा पाहुण्यांना पोचवायला खाली गेला होता. मी गुरुजींना नमस्कार केला. जाता जाता त्यांनी सांगितलं की आता काही दिवस घर बंद ठेवू नका, रोज दिवा लागला पाहिजे.

मी जरा तोऱ्यातच सांगितलं की ते आम्हाला नवीन नाही. राहायला आल्यापासून आमच्या आत्तींनी एक दिवस घर अंधारात ठेवलेलं नाही, शांत झालेली नव्हती म्हणून.

गुरुजी हसले. “शांतीच्या आधी कसला नियम, वहिनी? वास्तू बसल्यावर नियम. आधी महिनाभर काशीला गेला असतात तरी चाललं असतं.”

आणि पिशवी सावरत ते जिना उतरून गेले. आत्ती तिथंच पाटावर बसलेल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. तेव्हा मला कळलं.

मी त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेले, दार लोटलं आणि विचारलं की तुम्हाला हे माहीत होतं का.

“ठावं हाय की मला. मी काय नवी हाय व्हय घर बसवायला?”

मग का? मी विचारलं.

“पावण्यारावळ्यांत त्याला कुणी चिंगूस म्हणाय नगं म्हणून,” त्या म्हणाल्या. आणि पुढं, “त्यो वाईट न्हाई गं. भ्यालाय त्यो. पाण्याला भ्यालाय.”

मला कुणाचा तरी राग यायला हवा होता. नवऱ्याचा येईना, कारण बाहेर जिन्यात त्याचा हसण्याचा आवाज येत होता आणि तो मी कितीतरी वर्षांत ऐकलेला नव्हता. आत्तींचा कसा येणार? लेकाची अब्रू झाकायला या बाईनं एक नियम रचला, तो खरा वाटावा म्हणून स्वतः रोज पाळला, आणि त्याच नियमात स्वतःच अडकून पडली. माझ्या सहलीच्या वेळी त्या आल्या असत्या तर नियम खोटा पडला असता, आणि मग लेकाकडे दुसरं कारण उरलं नसतं. मी साड्या काढून पलंगावर फेकल्या होत्या, ते आठवलं.

दिवेलागण झाली होती. बोलणं संपल्यासारखं करून आत्ती देवापाशी गेल्या. मी मागं उभी होते. त्यांनी समईला हात लावला, बोटानं वात चाचपली, तेल किती आहे ते बोट बुडवून पाहिलं, काडी ओढली. आणि काडी वातीपासून वीतभर बाजूला, मोकळ्या हवेत धरून थांबल्या.

“लागला का?” त्यांनी हळूच विचारलं.

आमच्या घरात त्या इतक्या सहज वावरायच्या, की मला पत्ताच नव्हता. गेल्या वर्षात दोनदा तपासणीला चला म्हटलं तर थेंब घालतीया की म्हणून त्यांनी टाळलं होतं, आणि कॉलेजच्या प्रवेशांच्या गडबडीत मीही सोडून दिलं होतं. मी त्यांचं मनगट धरून काडी वातीपाशी नेली. लागला म्हटलं. त्यांनी हात जोडले आणि तसंच देवाकडे तोंड करून मला म्हणाल्या, “त्याला सांगू नगंस. आनंदात हाय त्यो आज.”

पुढच्या आठवड्यात मी त्यांना मिरजेला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले की उजेड आणि अंधार कळतो, तेवढं राहिलंय. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, कसं आहे डोळ्याचं? मी तोंड उघडायच्या आत आत्तींनी सांगितलं, हाय तसंच हाय.

आणि त्याच रात्री जेवताना नवऱ्यानं मोठ्या गुपिताची गाठ सोडावी तसं सांगितलं, की त्यानं गाडी ठरवली आहे आणि समुद्रासमोरची खोली घेतली आहे. गॅलरीत बसून आईला समुद्र दिसला पाहिजे, असं त्यानं फोनवर दोनदा बजावलं होतं म्हणे. जास्तीचे पैसे पडले तरी चालतील पण समोरचीच खोली. स्ट्रॉबेरी क्रीमचा दर वाचून पोट जड होणारा माणूस हे सांगत होता. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आम्ही लोकांना हसून ऐकवतो. मला ती त्या वेळी आठवायला नको होती. आत्ती मात्र त्याला म्हणाल्या, झ्याक केलंस बाबा.

मुलीनं आणखी चार दिवस रजा वाढवली, दिव्यासाठी. यावेळी नियम खरा होता.

आंबा घाटात नवरा सारखा मागं वळून आईला सांगत होता, ही बघ दरी, ते बघ धुकं. त्या व्हय व्हय म्हणत होत्या. मी दोघांच्या मधे बसल्यासारखी. किती वेळा वाटलं की गाडी थांबवावी आणि सांगून टाकावं. पण सांगून काय होणार होतं? त्याचा हा एवढा आनंद मोडायचा, आणि त्यांनी कितीतरी वर्षं जपलेलं त्याचं तोंड मी एका वाक्यात पाडायचं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

समुद्रावर आम्ही ऊन उतरल्यावर गेलो. ओहोटी लागली होती. नवऱ्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, एका बाजूनं त्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी, आणि आत्तींना घोटाभर पाण्यात उभं केलं. लाट आली, पायांवरून गेली. त्यांनी माझं मनगट आवळलं.

“दिसतंय का आई?” त्यानं विचारलं.

“दिसतंय की,” त्या म्हणाल्या. “लय लांबवर हाय.”

तो खूश झाला. फोटो काढायला म्हणून मागं सरकला, आणखी मागं सरकला, आम्हाला हसायला सांगितलं. तो लांब गेल्याचं त्यांना आवाजावरून कळलं असावं. त्यांनी तोंड माझ्या कानाशी आणलं.

“कुठवर गेलं गं माघारी?”

पाणी पायाखालून गेल्याचं त्यांना कळत होतं. कुठवर गेलं ते कळत नव्हतं, आणि बघायचं होतं ते नेमकं तेवढंच. मी समोर बघितलं आणि सांगत राहिले. आता त्या काळ्या खडकापर्यंत गेलं, आत्ती. आता परत येतंय. आलं. आता पुन्हा चाललं.

“आन चिखल?”

चिखल नाही म्हटलं. जराही नाही.

त्या मान हलवत राहिल्या. तेवढ्यात नवरा पाणी उडवत परत आला. पँट कमरेपर्यंत भिजली होती, केस विस्कटले होते. त्यानं आईच्या खांद्याभोवती हात टाकला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “बघ. तू उगाच भांडत होतीस. कर्जही वेळेआधी फिटलं आणि आईचा समुद्रही बघून झाला. दोन्ही जमलं की नाही?”

आत्तींची बोटं माझ्या मनगटात रुतली.

मी म्हटलं, “जमलं.”